पंपावरची निळी पट्टी : अमेरिकेतली राज्यं बायोडिझेलला करात सूट कशी देतात

गेल्या सप्टेंबरात माझे मामा लातूरकडून आमच्याकडे इलिनॉयला आले होते. घरचं सोयाबीन, त्यामुळे शिकागोच्या उंच इमारतींपेक्षा त्यांना रस्त्याकडेची शेतं बघण्यात रस. स्प्रिंगफील्डच्या वाटेवर आम्ही एका ट्रकथांब्यावर चहाला थांबलो, आणि मामा डिझेलच्या पंपासमोर उभे राहिले. पंपावर एक निळी पट्टी होती. तिच्यावर ‘बी-२०’ असं मोठ्या अक्षरांत आणि खाली बारीक अक्षरांत, यात ५ ते २० टक्के बायोडिझेल आहे, असं लिहिलेलं. मी त्यांना सांगितलं, की यातला थोडा भाग बाजूच्या या शेतांतल्या सोयाबीनच्या तेलापासून होतो.

“आगं, गोडं तेल ट्रकात ओतायलेत व्हय?” मामा म्हणाले. “अन् परवडतंय कसं त्यायला?”

परवडत नाही, हेच त्याचं खरं उत्तर. म्हणून तर कायदे लागतात. त्या संध्याकाळी मी मामांना जे तुकड्यातुकड्यांत सांगितलं, ते इथे सलग मांडते आहे. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसालाही हा विषय सहसा माहीत नसतो, आणि सोयाबीन पिकवणाऱ्या घरांचा तर त्याच्याशी थेट संबंध आहे.

आधी वस्तू समजून घेऊ. कुठलंही वनस्पती तेल किंवा चरबी घ्यायची, त्यात मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक सोड्यासारखा उत्प्रेरक घालून तापवायचं. तेलातून ग्लिसरीन वेगळं होऊन खाली बसतं आणि वर पातळ, डिझेलसारखं जळणारं द्रव्य उरतं. ते बायोडिझेल. शंभर किलो तेल आणि दहा किलो मिथेनॉल घातलं, की साधारण शंभर किलो बायोडिझेल आणि दहा किलो ग्लिसरीन मिळतं. शुद्ध असेल तर बी-१००, डिझेलमध्ये वीस टक्के मिसळलं तर बी-२०. सोयाबीनचा एक बुशेल म्हणजे ६० पौंड, आपले सत्तावीस किलो. त्यातून ११ पौंडांच्या आसपास तेल निघतं आणि त्याचं जेमतेम दीड गॅलन, म्हणजे साडेपाच लिटर, बायोडिझेल होतं. एका गॅलनला साडेसात पौंड तेल लागतं. तेलाचा भाव पौंडाला ५० सेंट धरला, तर नुसतं कच्च्या मालाचंच पावणेचार डॉलर झाले. कारखाना, मिथेनॉल, वाहतूक पुढेच. शिवाय शुद्ध बायोडिझेलच्या गॅलनमध्ये साध्या डिझेलपेक्षा सात-आठ टक्के ऊर्जा कमी. बाजारावर सोडून दिलं, तर ट्रकवाला ते घेणार नाही. त्याला दोष देण्यासारखं त्यात काही नाही.

मग सरकारपुढे मुख्यतः दोन रस्ते उरतात. एक तर मिश्रण सक्तीचं करायचं, नाही तर ते स्वस्त पडेल अशी करात सूट द्यायची. अमेरिकेत इंधनावर केंद्राचाही कर आहे आणि राज्यांचाही, आणि प्रत्येक राज्य आपला कर आपल्या मनाप्रमाणे लावतं. त्यामुळे एकाच वस्तूसाठी पन्नास राज्यांत वेगवेगळे प्रयोग झाले.

आपल्याला ही पद्धत परकी नाही. महाराष्ट्राने १ एप्रिल २०२२ पासून सीएनजीवरचा व्हॅट साडेतेरा टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर आणला होता. राज्याने आपल्या हातातला कर कमी करून लोकांना एका इंधनाकडून दुसऱ्याकडे वळवायचं, ती हीच युक्ती.

इलिनॉयचं गणित

इलिनॉय हे सोयाबीनचं राज्य. देशात बहुतेक वर्षं त्याचा पहिला नंबर असतो. इथे वस्तूंवर राज्याचा सव्वासहा टक्के विक्रीकर आहे आणि तो डिझेललाही लागतो. १ जुलै २००३ पासून राज्याने ठरवलं, की डिझेलमध्ये दहा टक्क्यांपेक्षा जास्त बायोडिझेल असेल तर हा विक्रीकर पूर्ण माफ.

इथे जरा थांबून हिशेब करायला हवा, कारण सगळी गंमत त्यातच आहे. कर माफ होतो तो त्या दहा-अकरा टक्के बायोडिझेलपुरता नव्हे, तर अख्ख्या गॅलनवर. डिझेलचा करपात्र भाव गॅलनला साडेतीन डॉलर धरा. सव्वासहा टक्के म्हणजे जवळजवळ २२ सेंट. दीडशे गॅलन भरणाऱ्या ट्रकमागे तेहतीस डॉलर. आता त्या गॅलनमध्ये बायोडिझेल किती? बी-११ असेल तर ०.११ गॅलन. म्हणजे ०.११ गॅलन बायोडिझेल घातलं म्हणून २२ सेंट सुटले. तोच दर पूर्ण गॅलनला लावला, तर एका गॅलन बायोडिझेलमागे राज्याने दोन डॉलर सोडले! एवढी सूट असल्यावर ते कोण घालणार नाही?

आणि म्हणूनच इलिनॉयच्या पंपांवर वर्षानुवर्षं बी-११ हेच मिश्रण दिसायचं. बी-१० घातलं तर पूर्ण माफी हातची जायची. बी-१५ घातलं तर महाग बायोडिझेल वाढायचं, पण माफी तेवढीच राहायची. दहाच्या वर एक पाऊल टाकायचं आणि तिथेच थांबायचं, हे विक्रेत्याच्या दृष्टीने शंभर टक्के शहाणपणाचं. अकरा या आकड्यामागे ना इंजिनाचं शास्त्र होतं, ना पर्यावरणाचं. तो कायद्यातल्या ‘दहापेक्षा जास्त’ या दोन शब्दांतून आला होता.

राज्याच्याही हे लक्षात आलं. २०२२ मध्ये कायदा बदलून त्यांनी उंबरठा पायरीपायरीने वर नेला : २०२४ मध्ये तेरा टक्क्यांच्या वर, २०२५ मध्ये सोळाच्या वर, २०२६ मध्ये एकोणिसाच्या वर. आता तोच हिशेब बी-२० साठी करून बघा. २२ सेंट भागिले ०.२०, म्हणजे बायोडिझेलच्या गॅलनमागे एक डॉलर दहा सेंट. राज्याने सोडलेला पैसा तेवढाच, बायोडिझेल मात्र जवळजवळ दुप्पट. कराचा दर न बदलता, एक नवा पैसा न घालता, फक्त एक आकडा सरकवून हे झालं. मला हा बदल फार आवडतो. सरकारं सूट देतात आणि विसरतात, असं आपण नेहमी पाहतो. इथे कुणीतरी वीस वर्षांनी का होईना, परत बसून भागाकार केला.

टेक्सासने हेच वेगळ्या प्रकारे केलं. तिथे डिझेलवर गॅलनला २० सेंट इंधनकर आहे आणि मिश्रणातला बायोडिझेलचा भाग तेवढा त्यातून वगळला आहे. बी-२० घेतलं तर वीस टक्के भागावरचा कर वाचला, म्हणजे चार सेंट. जेवढं बायोडिझेल तेवढी सूट. सरळ, न्याय्य, आणि राज्याच्या तिजोरीला सोसणारं. पण चार सेंटांत किती विक्रेते नवी टाकी बसवतील? इलिनॉयची सूट ढोबळ होती, पण तिने बाजार उभा केला. टेक्सासची नेमकी आहे, पण तिचा धक्का हलका.

आयोवात तिसरी तऱ्हा. तिथे पंपचालकाला त्याच्या आयकरात सवलत मिळते, मिश्रण जास्त तर सवलत जास्त. गिऱ्हाइकाला पावतीवर काहीच दिसत नाही, तरी पंपवाला भाव खाली आणतो, कारण त्याला तो माल खपवायचा असतो.

कुठल्याही इंधनाच्या सवलतीची बातमी वाचताना म्हणूनच मी आधी तीन गोष्टी शोधते. पैसा कुणाच्या हातात पडतो, सूट कशाच्या मापाने मोजली जाते, आणि ती कधी संपते. बाकीची भाषणं नंतर वाचली तरी चालतात.

मिनेसोटाची थंडी

सूट न देता सक्ती करणाऱ्या राज्यांत मिनेसोटा पहिलं. कायदा २००२ मध्ये झाला, पण त्यात एक अट होती : राज्यात वर्षाला ८० लाख गॅलन बनवण्याची क्षमता उभी राहिल्याशिवाय सक्ती लागू होणार नाही. ती २९ सप्टेंबर २००५ ला लागू झाली, फक्त दोन टक्क्यांनी. आणि त्याच हिवाळ्यात ट्रकांचे फिल्टर तुंबले.

बायोडिझेल थंडीत गढूळ होतं. सोयाबीनचं तर शून्य अंशाच्या आसपासच मेणासारखे कण धरू लागतं. हिवाळ्यात खोबरेल तेलाची बाटली कशी गोठते, तसंच. आणि मिनेसोटात उणे तीस म्हणजे नवल नाही. त्या वेळी काही माल दर्जालाही कमी पडला होता, ग्लिसरीन नीट काढलेलं नव्हतं. ट्रकवाले संतापले. राज्याने नियम काही काळ स्थगित केला, मालाची तपासणी कडक केली आणि मग पुन्हा सुरू केला. २००९ मध्ये पाच टक्के, २०१४ पासून उन्हाळ्यात दहा, २०१८ पासून उन्हाळ्यात वीस. हिवाळ्यात मात्र पाचच.

एवढ्या वाईट सुरुवातीनंतरही तो कायदा टिकला, याचं कारण मला वेळापत्रकात दिसतं. पुढचा टप्पा कधी येणार हे कारखानदाराला, शेतकऱ्याला, पंपवाल्याला वर्षं आधी ठाऊक होतं. आणि हवामानाने जे सांगितलं ते कायद्याने ऐकलं.

केंद्राची गोष्ट याच्या अगदी उलट. २००४ च्या कायद्याने १ जानेवारी २००५ पासून बायोडिझेल डिझेलमध्ये मिसळणाऱ्याला गॅलनमागे एक डॉलर मिळू लागला. (वापरलेल्या तेलापासून बनवलं तर सुरुवातीला पन्नास सेंटच. २००९ पासून सगळ्यांना एक डॉलर.) रक्कम घसघशीत, पण मुदत वर्ष-दोन वर्षांची. ती संपायची, काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, भांडण चालायचं, आणि मग कधीतरी मागच्या तारखेपासून ती पुन्हा दिली जायची. २००९ च्या शेवटी ती संपली, तेव्हा देशाचं उत्पादन सुमारे ५१.६ कोटी गॅलनवरून २०१० मध्ये ३४.३ कोटींवर आलं. डिसेंबर २०१० मध्ये ती परत दिली गेली, केंद्राची मिश्रणाची सक्तीही वाढत होती, आणि २०११ मध्ये आकडा ९६ कोटींच्या पुढे गेला. हा उद्योग आहे की पाळणा? असाच प्रकार २०११, २०१३, २०१४, २०१६ आणि २०१७ च्या अखेरीस झाला. २०१८ ची सवलत तर डिसेंबर २०१९ मध्ये मिळाली. वर्ष संपून वर्ष झाल्यावर. ज्या छोट्या कारखान्याला बँकेचा हप्ता दर महिन्याला भरायचा आहे, त्याला हा डॉलर उपयोगाचा नाही. ज्याच्याकडे दोन वर्षं थांबायला भांडवल आहे, त्यालाच तो मिळतो.

२०२५ पासून पद्धत बदलली. आता सवलत मिसळणाऱ्याला नाही, बनवणाऱ्याला. आणि सरसकट डॉलर नाही : इंधन बनवताना हवेत कार्बन किती जातो ते मोजून, जितका कमी तितकी सवलत जास्त. बाहेरच्या देशातून आलेल्या तयार इंधनाला ती नाही. नियम वेळेवर स्पष्ट झाले नाहीत, म्हणून २०२५ च्या सुरुवातीला कित्येक कारखान्यांनी उत्पादन कमी केलं, काहींनी थांबवलं. जुलै २०२५ मध्ये तिची मुदत २०२९ पर्यंत वाढवली गेली, आणि २०२६ पासून कच्चा माल अमेरिका, कॅनडा किंवा मेक्सिकोचाच हवा अशी अट आली.

कायदा जे लिहितो, तेच विकत घेतो

मामांना सगळ्यात जास्त हसू आलं ते जहाजांच्या गोष्टीवर, आणि मग राग. केंद्राचा डॉलर ‘मिसळण्याला’ होता. किती मिसळायचं हे कायद्यात नव्हतं. त्यामुळे परदेशातून शुद्ध बायोडिझेल भरलेलं जहाज अमेरिकेच्या बंदराला लागायचं, त्यात हजारात एक भाग साधं डिझेल ओतलं जायचं, गॅलनमागे डॉलर घेतला जायचा आणि जहाज युरोपला निघून जायचं. अमेरिकेच्या रस्त्यावर त्यातला थेंबही जळत नव्हता. ऑक्टोबर २००८ मध्ये काँग्रेसने ही फट बुजवली, आणि २००९ मध्ये युरोपने अमेरिकी बायोडिझेलवर जादा शुल्क लावलं.

दुसरी फट कागद कारखान्यांना सापडली. लाकडाचा लगदा करताना एक काळा, दाट रस उरतो. ‘ब्लॅक लिकर’ म्हणतात त्याला. कारखाने कित्येक दशकं तोच जाळून स्वतःची वीज आणि वाफ बनवत होते. पर्यायी इंधन डिझेलमध्ये मिसळलं तर गॅलनला पन्नास सेंट, असा एक नियम वाहनांना डोळ्यांसमोर ठेवून आला होता. कारखान्यांनी त्या रसात थोडं डिझेल ओतायला सुरुवात केली आणि २००९ या एका वर्षात सरकारकडून अब्जावधी डॉलर घेतले. पर्यायी इंधन वापरण्याचं बक्षीस मिळवण्यासाठी, जिथे डिझेल लागतच नव्हतं तिथे डिझेल जाळलं गेलं. आणि हे कायद्याला धरूनच होतं. मला ही गोष्ट विसरता येत नाही.

राज्याच्या पातळीवर ॲरिझोनाची कहाणी याहून मोठी, कारण तिने एक राज्य हादरवलं. फिनिक्सवर धुराचा तपकिरी थर असायचा. २००० मध्ये विधानसभेने ठरवलं, की प्रोपेन किंवा सीएनजीवर चालणारी गाडी घेतली, तर गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा, तीस ते पन्नास टक्क्यांपर्यंत, आणि वर बदल करण्याचा खर्च राज्य परत देईल. हेतू चांगला होता. खर्चाचा अंदाज फार तर एक कोटी डॉलरच्या आसपासचा. पण कायद्यात दोन गोष्टी लिहिलेल्या नव्हत्या : टाकी केवढी हवी, आणि ते इंधन खरोखर वापरलंच पाहिजे. लोकांनी मोठमोठ्या एसयूव्ही घेतल्या, त्यांना तीन-चार गॅलनची छोटीशी प्रोपेनची टाकी जोडून घेतली आणि पेट्रोलवर गाडी चालवत राहिले. काही महिन्यांत राज्याची देणी पन्नास कोटी डॉलरच्या घरात जातील असं दिसू लागलं. विक्रेत्यांकडे रांगा, वर्तमानपत्रांत मथळे. हा कायदा पुढे रेटणारे विधानसभेचे सभापती जेफ ग्रॉसकॉस्ट नोव्हेंबरमध्ये निवडणूक हरले. डिसेंबरमध्ये खास अधिवेशन बोलावून राज्याने ती योजना गुंडाळली.

त्या लोकांनी फसवलं का? बहुतेकांनी नाही. कायद्याने जे मागितलं, ते त्यांनी दिलं. कायद्याला हवी होती स्वच्छ हवा, पण त्याने मागितली होती टाकी.

खरी फसवणूकही झाली आहे आणि तीही छोटी नाही. यूटा राज्यातल्या वॉशाकी नावाच्या बायोडिझेल कंपनीने, न बनवलेल्या इंधनाची कागदपत्रं दाखवून आणि तोच माल फिरवत ठेवून केंद्राकडून ५१ कोटी डॉलरच्या वर रक्कम उचलली. काही आरोपींनी २०१९ मध्ये गुन्हा कबूल केला, २०२० मध्ये खटल्यात दोष सिद्ध झाला आणि २०२३ मध्ये मुख्य आरोपींपैकी एकाला अठरा, दुसऱ्याला चाळीस वर्षांची शिक्षा झाली.

कॅलिफोर्नियाने वेगळी वाट धरली. २०११ पासून तिथे सरकार सूट देतच नाही, हिशेब ठेवतं. प्रत्येक इंधनाला, शेतापासून धुरापर्यंत, कार्बनचा एक आकडा दिला जातो. ठरलेल्या रेषेपेक्षा जास्त आकड्याचं इंधन विकणारी तेल कंपनी तुटीत जाते, कमी आकड्याचं विकणाऱ्याच्या खात्यात जमा होते. तुटीतल्याने जमावाल्याकडून ती जमा, म्हणजे क्रेडिटची पत्रं, विकत घ्यायची. पैसा तिजोरीतून जात नाही, एका कंपनीकडून दुसरीकडे जातो. या पद्धतीत हॉटेलच्या कढईतलं वापरलेलं तेल ताज्या सोयाबीन तेलापेक्षा जास्त मोलाचं ठरतं, कारण त्यासाठी वेगळं शेत नांगरावं लागत नाही. याच पद्धतीने ‘रिन्यूएबल डिझेल’ मोठं झालं. तेही तेला-चरबीपासूनच बनतं, पण रिफायनरीत हायड्रोजनने प्रक्रिया करून, आणि थंडीची तक्रार न करता थेट डिझेलच्या जागी चालतं. आज कॅलिफोर्नियातल्या डिझेलचा निम्म्याहून जास्त हिस्सा अशा जैविक इंधनांचा आहे. ओरेगॉन आणि वॉशिंग्टन ही राज्यं त्याच वाटेने गेली, न्यू मेक्सिकोने २०२४ मध्ये कायदा केला.

या पत्रांचाही बाजार असतो, आणि तो कोसळतोही. २०२० मध्ये पत्राचा भाव कार्बनच्या टनाला दोनशे डॉलरच्या आसपास होता. स्वस्त, कमी कार्बनचं इंधन एवढं आलं, की तीन-चार वर्षांत तो शंभराच्याही बराच खाली गेला. शिवाय चीनमधून जहाजं भरभरून ‘वापरलेलं’ तेल येऊ लागलं, तेव्हा एवढी भजी तळली कुणी, हा प्रश्न अमेरिकेतल्या सोयाबीनवाल्यांनी गंभीरपणे विचारला. तेल खरंच वापरलेलं आहे की ताजं पाम तेल त्यात मिसळलं आहे, हे नुसतं बघून ओळखणं अवघड असतं.

एक बाजू राहते, रस्त्यांची. अमेरिकेत रस्ते बऱ्याच अंशी इंधनावरच्या करातून दुरुस्त होतात. ओरेगॉनने १९१९ मध्ये देशातला पहिला पेट्रोलकर लावला तोच मुळी त्यासाठी. त्यामुळे जो पंपावर येत नाही, तो रस्त्याचे पैसे देत नाही. २००७ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात एक माणूस दुकानातलं सोयाबीनचं तेल आपल्या गाडीत घालून फिरत होता, त्याला इंधनकर चुकवल्याबद्दल हजार डॉलरचा दंड झाला. गडी पर्यावरणासाठी धडपडत होता आणि राज्याच्या दृष्टीने करबुडवा ठरला. पुढे त्या राज्याने, स्वतःच्या गाडीपुरतं घरी बायोडिझेल बनवणाऱ्याला करातून वगळलं.

तोच प्रश्न आता विजेच्या गाड्यांनी मोठा करून ठेवला आहे. जॉर्जिया राज्य विजेच्या गाडीवर पाच हजार डॉलरची करसवलत देत होतं. जुलै २०१५ मध्ये ती बंद झाली आणि त्याच दिवसापासून दोनशे डॉलरची वार्षिक फी सुरू झाली. विक्री धाडकन खाली आली. आज अनेक राज्यं अशी फी घेतात. टेक्सासही घेतं. फी घेणं अन्यायाचं आहे असं मला वाटत नाही, रस्ता सगळेच वापरतात. पण एका रात्रीत हात देणं सोडून हात पुढे करणं, हे लोकांचा विश्वास घालवणारं आहे. आपल्याकडेही सीएनजीचा व्हॅट कमी झाला तो २०२२ मध्ये, आणि १ जुलै २०२५ पासून सीएनजी गाड्यांचा एकरकमी वाहनकर एक टक्क्याने वाढला. ज्याने मधल्या काळात गाडी घ्यायचं ठरवलं, त्याचा हिशेब दोनदा बदलला.

मोंढ्यातला भाव

मामांचा शेवटचा प्रश्न मात्र या कशावर नव्हता. “इथली ही सूट गेली, तर आमचा भाव पडंल का वाढंल?”

अमेरिकेत गाळल्या जाणाऱ्या सोयाबीन तेलाचा जवळपास निम्मा भाग आता इंधनात जातो. तेवढं तेल बाजारातून कमी होतं, म्हणजे जगात तेलाचा भाव चढा राहतो. भारत जगातला सगळ्यात मोठा खाद्यतेल आयात करणारा देश, तेव्हा आपल्या किराणा दुकानात पिशवी महाग होते. मग सोयाबीनला भाव मिळायला हवा, असं वाटतं.

पण सोयाबीनमध्ये तेल असतं अठरा-एकोणीस टक्के. बाकीची पेंड. इंधनासाठी अमेरिकेत जास्त सोयाबीन गाळलं, की तेलाबरोबर पेंडही जास्त निघते. तेल पंपात जातं, पेंडीला गिऱ्हाईक शोधावं लागतं, आणि ती जगाच्या बाजारात स्वस्तात उतरते. आपल्या सोयाबीनचा भाव पेंडीवर फार अवलंबून असतो, आणि आपल्या पेंडीला परदेशात याच मालाशी टक्कर द्यावी लागते.

भर म्हणून आपल्याच देशातलं दुसरं इंधन धोरण. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉलचं लक्ष्य २०२५ मध्ये गाठलं गेलं, त्यासाठी मका आणि तांदूळ मोठ्या प्रमाणावर वापरला गेला. धान्यापासून इथेनॉल काढल्यावर जो प्रथिनांचा चोथा उरतो, त्याला व्यापारी डीडीजीएस म्हणतात. तो कोंबड्यांच्या खाद्यात सोयाबीन पेंडीपेक्षा स्वस्तात जातो. पोल्ट्रीवाल्याने तो घेतला, आणि तेवढी पेंड पडून राहिली. २०२४ च्या आणि २०२५ च्या हंगामात लातूरच्या मोंढ्यात सोयाबीन हमीभावाच्या खाली विकलं गेलं, त्याच्या अनेक कारणांमधलं हे एक आहे. मक्याच्या शेतकऱ्याला इथेनॉलने आधार दिला, हेही खरं आहे. तो आधार मी कमी लेखणार नाही. पण दोन्ही पिकं शेजारच्या बांधांवर उभी असतात, आणि एका इंधनाची सवलत ठरवताना दुसऱ्या पिकाचं काय होईल, हा भागाकार कुणीतरी आधी करायला हवा होता.

मामांनी ट्रकथांब्याच्या बिलाच्या मागे पेनाने दोन आकडे लिहिले. तेल १८, पेंड ८२. ते बराच वेळ बघत बसले.

“म्हंजे आमचा भाव ह्या ब्याऐंशीत हाय,” ते म्हणाले, “अन् समदे बोलायलेत अठराबद्दल.”

निघताना त्यांनी पंपावरच्या निळ्या पट्टीचा फोटो काढला, आडत्याला दाखवायला.